बर्फावर आडवं व्हायचं नाही

मन्मथ्या,

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो, कशाला आलो ते विसरतो, परत पहिल्या खोलीत येतो. गच्चीवर जातो, नांदेडचं ऊन बघतो, खाली येतो. बायको म्हणाली, "अहो, जरा टेका की कुठंतरी." टेकलो. तिची पाठ वळताच उठलो. तू असतास तर म्हणाला असतास, "दिल्या, नाटक बंद कर, बस खाली." कॉलेजात आपण एका खोलीत राहायला लागलो तेव्हापासून हे एकच वाक्य तू मला किती वेगवेगळ्या आवाजांत सांगितलंस. आता तू बसलायस तो कायमचा, आणि मी आपला येरझाऱ्या घालून राहिलोय.

लातूरच्या मंडळींचा निरोप आला होता, शोकसभेत दोन शब्द बोला. लग्न असो, सत्कार असो, कुणाची निवृत्ती असो, माइक दिसला की मी उभा राहतो हे सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. शोकसभांत तर माझा हातखंडा. आणि प्रत्येक वेळी तू मागच्या रांगेत पाय पसरून बसायचास आणि बाहेर आल्यावर मार्क द्यायचास. "वारलेल्याला तू वळखत बी नव्हता. कशाला रडलास एवढा?" मी म्हणायचो, "प्रसंग तसा होता." तू म्हणायचास, "प्रसंग त्याचा होता, रडणं तुझं होतं." आता मागच्या रांगेत कुणी नसताना मी काय डोंबल बोलणार? नाही म्हणून कळवलं. लोकांना वाटलं, मास्तर फार खचले. खचलो नाही. वैतागलोय. आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि तू उत्तर न देता उठून, म्हणजे बसून, गेलास.

वाचणाऱ्यांना तो वाद माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. बोललास तर चालेल.

तुझा लातूरला बर्फाचा कारखाना. तुझ्या वडिलांनी सुरू केलेला, पुढं तू चालवलेला. रसवंतीवाले, मासळीवाले, लग्नातले मठ्ठेवाले, सगळे तुझे गिऱ्हाईक. आणि उन्हाळ्यात आणखी एक गिऱ्हाईक असायचं, ज्याला तू गिऱ्हाईक म्हणू द्यायचा नाहीस. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि पोरगं पुण्याहून यायचं राहिलं, की मयताच्या घरचे लोक तुझ्या फाटकात उभे राहायचे. तू हातातला चहाचा कप ठेवून उठायचास. मयताखाली ठेवायची ती बर्फाची लादी तू दुसऱ्या कुणाला काढू देत नव्हतास. रांगेनं उभ्या केलेल्या लाद्यांवर अंगठीनं ठक ठक करत जायचास, एखाद्या लादीला कान लावायचास, मान हलवून पुढं जायचास, आणि शेवटी एकीवर हात ठेवून म्हणायचास, "ही." मी कितीदा बघितलंय ते. डॉक्टर छाती तपासतो तसा तुझा चेहरा व्हायचा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू कारखाना बंद ठेवलास, पण मयताच्या लादीपुरते पाणी गोठवायचे दोन डबे चालूच ठेवलेस.

तुझी पल्लवी शिकून फिनलंडला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि हट्टाला पेटली, की बाबा, हिवाळ्यात या, तुम्हाला बर्फाचं हॉटेल दाखवते. भिंती बर्फाच्या, खांब बर्फाचे, पलंगसुद्धा बर्फाचा. वहिनींनी सपशेल नकार दिला. म्हणाल्या, "जन्मभर घरात बर्फच बघितला. आता तेवढ्यासाठी विमानात बसू काय? भाऊजींना घेऊन जावा." मी तर पिशवी भरूनच बसलो होतो. बर्फाच्या पलंगावर एक रात्र झोपायचं आणि उरलेलं आयुष्य त्याच्या गोष्टी सांगायच्या, एवढी सोपी माझी योजना.

त्या हॉटेलात आपण पाय ठेवला तो दुपारी, पण तिकडं दुपारीच दिवे लागतात. तुझ्या अंगावर तीन स्वेटर, त्यावर पल्लवीनं दिलेला जाडजूड कोट, आणि डोक्याला लातूरच्या बाजारातली माकडटोपी. आत लांबच लांब पांढरा बोळ. भिंतीतून निळसर उजेड येत होता. मी भारावून थांबलो. तू हातमोजा काढलास आणि खांबाला अंगठीनं ठक ठक केलंस. मग कान लावलास.

हॉटेल दाखवणारी उंच, पिवळ्या केसांची पोरगी थबकली. तिनं पल्लवीला काहीतरी विचारलं.

"बाबा, ती विचारतेय, तुम्ही काय ऐकताय?"

"तिला सांग, चांगला बर्फ बोलत न्हाई."

पल्लवीनं सांगितलं. त्या पोरीचे डोळे विस्फारले. तिनं ते मागच्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि बघता बघता जपानपासून जर्मनीपर्यंतची माणसं बर्फाच्या भिंतींना कान लावून उभी राहिली. मी तुझ्या कानात म्हणालो, "मन्मथ्या, काय ऐकू येऊन राहिलंय रे?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "गप. धंद्याची गोष्ट हाय."

पुढं तू त्या पोरीला सल्ला द्यायला लागलास, की उन्हाळा लागायच्या आधी बाहेरून भुसा थापा, वर पोती टाका, इमारत चार महिने जास्त टिकेल. ती हसून म्हणाली, टिकवायचं नाहीच आहे. नदीतून बर्फ कापून आणतो, उन्हाळ्यात तो वितळून नदीत जातो, पुढच्या हिवाळ्यात नवं हॉटेल. तुला ते पटेना. "एवढं घडवायचं अन् सोडून द्यायचं? पल्लू, नीट विचार तिला, कायतरी चुकून राहिलंय." तिनं दोनदा विचारलं. उत्तर तेच आलं. तुझा चेहरा पडला तो जेवणापर्यंत वर आला नाही.

मग आपल्याला आपली खोली दाखवली. मधोमध बर्फाचा भलामोठा चौथरा, त्यावर फळ्या आणि गादी, वर रेनडिअरची कातडी अंथरलेली. मी काय केलं असेल ते वाचणाऱ्यांनाही कळलं असेल. धावत जाऊन आडवा झालो. नुसता आडवा झालो नाही. पाय जुळवले, दोन्ही हात छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणालो, "मन्मथअप्पा, कसा दिसतो?"

"उठ."

"फोटो काढ की."

"दिल्या, आधी उठ."

"अरे, एवढ्या लांब आलो ते कशाला..."

तू माझी बाही धरून ओढलंस. असं ओढलंस की मी खाली गुडघ्यांवर आलो. मी चिडलो. तू कारखानदार, जन्म बर्फात गेला, आणि भिऊन राहिलास काय, असं बरंच बोललो. पल्लवी दारात उभी होती, कुणाची बाजू घ्यावी तिला समजेना. तू कुणाकडंच न बघता म्हणालास, "बर्फावर आडवा झालेला माणूस उठलेला मी आजवर बघितला न्हाई. तू आधी भाईर चल."

"पण मी जिता हाय ना."

"म्हणूनच म्हणतो, चल."

ती रात्र आपण शेजारच्या लाकडी खोलीत काढली, हीटर लावून, एकमेकांकडं पाठ करून. बर्फाची खोली रिकामी राहिली. सकाळी तू तडजोडीला आलास. मोठ्या दालनात बर्फाची कोरलेली उंच पाठीची खुर्ची होती, दोन्ही बाजूंना बर्फाचे खांब. म्हणालास, "बसायचं आसंल तर बस. बसायला माझी ना न्हाई." आणि मी बसायच्या आत तूच जाऊन बसलास. बर्फाच्या ग्लासात कसलं तरी लाल सरबत, चेहऱ्यावर निजामाचा थाट. पल्लवीनं फोटो काढला. तू उठेना. एवढा वेळ बसलास की उठलास तेव्हा मागं पँटवर हा भला थोरला ओला गोल. ती पिवळ्या केसांची पोरगी तोंड दाबून हसली. तू तिला रुबाबात म्हणालास, "धंद्याची खूण हाय." हे मात्र पल्लवीनं भाषांतर करून सांगितलं नाही.

परत आल्यावर ही गोष्ट मी नांदेडात किती ठिकाणी सांगितली याला गणती नाही. बर्फाचा मालक बर्फाला भितो, अशी सुरुवात. लोक लोळून हसायचे. तू समोर असलास की मधूनच ओरडायचास, "भितो कोण, उगं कायबी सांगू नको." आणि दर रविवारी फोनवर आपला वाद. मी म्हणायचो, "पुढच्या हिवाळ्यात एकटा जातो आणि झोपून दाखवतो." तू म्हणायचास, "जा. पण मला फोटो धाडू नको." मी विचारायचो, "का?" तू विषय बदलून सोयाबीनच्या भावावर यायचास.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच बैठकीत सांगितली नाही. माझी बाही धरली तेव्हा तुझे हात थरथरत होते. ते थंडीनं नव्हतं. सांगितलं असतं तर गोष्टीतला विनोद गेला असता, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगायचं तर ते मला माझ्यापाशीच ठेवायचं होतं. माझ्यासाठी कुणाचे हात असे थरथरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. हे तुला एकदा बोलून दाखवायचं होतं, पण आपल्यात असलं बोलायची पद्धत कुठं होती?

तर त्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं, "भाऊजी, हे गेले. तुम्ही निघा." लोहा कधी गेलं, अहमदपूर कधी गेलं, कळलं नाही. गाडीत बसवेना म्हणून दर चहाच्या टपरीला मी उतरत होतो आणि चहा न पिता परत चढत होतो.

तुझ्या घरी वेगळाच पेच पडला होता. पल्लवी निघाली होती, पण हैदराबादला उतरून उदगीरमार्गे यायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. भावकीतले म्हणत होते, एवढा वेळ ठेवायचं नाही. कुणीतरी दवाखान्यातली फ्रीजरची पेटी मागवायला निघालं होतं. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पेटीत आडवं घालतात."

"मग वैनी, दुसरं काय करायचं? ऊन बघा की."

"आमच्यात बसवून नेतात. ते बसूनच राहतील. लेक येईल, बापाला बसलेलं बघंल, मग न्यायचं."

तुमच्या लिंगायतांत समाधी देतात, माणसाला बसवून, हे मला काय नवीन नव्हतं. तुझ्या वडिलांच्या वेळी मी होतोच. पण बसलेल्या माणसाला लातूरच्या एप्रिलमध्ये दिवसभर राखायचं कसं, याला एकच उत्तर होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण लादी काढायची कुणी? ती तर तूच काढायचास.

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जावा."

मी. ज्याला तू बर्फाच्या बाबतीत ढ म्हणायचास. कारखान्यात तुझा जुना माणूस मस्तानभाई फाटकातच उभा होता, डोळे सुजलेले. तुझ्या भावकीतले चौघं माझ्यामागं आले होते, फाटकात उभे. लाद्या रांगेनं लावलेल्या. मी पहिलीसमोर उभा राहिलो. चुकीची निवडली आणि सकाळपर्यंत टिकली नाही तर? पल्लवी एवढ्या लांबून येणार, आणि तिला बाप बघायला मिळणार नाही, ते माझ्यामुळं. अंगठी होती, ठक ठक केलं. दुसरीला केलं. तिसरीला कान लावला. सगळीकडून एकच आवाज. मी हळूच म्हणालो, "मस्तानभाई, मला काही कळेना. मन्मथअप्पा काय ऐकायचे?"

मस्तानभाईनं मागं बघितलं, भावकी लांब आहे याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाला, "कुछ नै साब. सब एकीच पानी का बरफ. एकीच आवाज आता."

"मग ठोकत का होते?"

"मयत के घर के लोगां सामने खड़े रैते ना साब. मालिक अपने हाथ से चुन को दिये बोले तो उनकू तसल्ली होती. बस, उसके वास्ते."

मन्मथ्या, तुझ्या कारखान्यात, तू गेलेल्या दिवशी, मला हसू फुटलं. मी लादीला डोकं टेकवून उभा राहिलो, मागच्यांना वाटलं मास्तर रडतायत. जन्मभर मला नाटक्या म्हणालास. नाटक बंद कर, नाटक बंद कर. आणि स्वतः काय करत होतास? माझी नाटकं टाळ्यांसाठी होती रे. तुझ्या नाटकाला टाळी कुणी वाजवणार नव्हतं, आणि तू एकदाही ते उघडं पडू दिलं नाहीस. फिनलंडच्या पाहुण्यांनासुद्धा भिंतींना कान लावायला लावलेस. हा हिशेब मला तुझ्याशी भांडून मिटवायचा होता, आणि तू घरी डोळे मिटून बसला होतास.

मागं भावकी उभी होती. मी तोंड पुसलं, पुन्हा पहिल्या लादीपासून सुरुवात केली. सावकाश ठोकत गेलो. एकीला कान लावला, मान हलवली, पुढं गेलो. शेवटी हात ठेवून म्हणालो, "ही. आणि तिच्या शेजारच्या दोन." मागून कुणीतरी सुस्कारा सोडला. म्हणालं, "मास्तरला बी कळतंय की." मस्तानभाई पोती आणायला गेला, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

तुला तुझ्या कारखान्यातल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं होतं. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात हार, तळहातात इष्टलिंग. आम्ही एक लादी तुझ्या डाव्या बाजूला उभी केली, एक उजव्या, एक पाठीमागं, बुडाशी भुसा थापला. मग मी दोन पावलं मागं सरलो आणि बघितलं. तीच खुर्ची होती. तेच दोन खांब. तोच थाट. फक्त हातात सरबताचा ग्लास नव्हता. फिनलंडला बोलल्याप्रमाणे, बर्फावर तू आडवा झाला नाहीस. बसलास.

दिवसभर मी त्या लाद्यांभोवती फिरत होतो. भुसा सरकला की थापायचो, पाणी वाहिलं की पोतं पुढं ओढायचो. बायामाणसं म्हणाली, मास्तर, दोन घास खा. मी उभ्यानं खाल्ले. लाद्या बारीक होत गेल्या. सकाळी आम्ही नव्या आणून लावल्या. त्याही मी ठोकून घेतल्या.

पल्लवी आली ती थेट आत गेली नाही. उंबऱ्यात थांबली. आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. विमानातून, गाडीतून, काय काय मनात धरून आली असेल पोरगी. तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो असा, "काका, हॉटेलातल्यासारखे."

मी म्हणालो, "हाव बाळा. तसंच बसवलंय."

मग ती आत गेली आणि तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. लेकीला बापाच्या मांडीवर डोकं ठेवता आलं, ते तू बसलेला होतास म्हणून. वहिनी भांडल्या कशासाठी, ते तेव्हा भावकीला समजलं असावं.

समाधी झाली. अंघोळी झाल्या. दुपारी अंगणात सामसूम होती. सकाळच्या लाद्यांपैकी एक तेवढी कडुलिंबाखाली ओढून ठेवली होती, पोत्यात गुंडाळलेली. मयताच्या घरचा उरलेला बर्फ कुणी वापरत नाही, तो आपोआप वितळू द्यायचा. बर्फ वितळू द्यायची, फिनलंडला तुला न पटलेली गोष्ट तुझ्याच घरी तशीच चालत आलेली होती, आणि ती तुझ्या कधी लक्षात आली नव्हती.

मी पोतं बाजूला केलं. लादी अजून बरी जाड होती. इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. फिनलंडला राहिलेलं आता करून टाकावं, असं डोक्यात आलं. चप्पल काढली, लादीवर बसलो, आडवा व्हायला निघालो. पाठ टेकायला वीतभर राहिली तेव्हा थांबलो. कुणीतरी "उठ" म्हणेल म्हणून थांबलो. कडुलिंबावर कावळा होता, तो इकडून तिकडं सरकला. बाकी अंगण गप्प. मान ताठ धरून ताण आला तरी मी तसाच अधांतरी होतो. मग आपला आपण उठून सरळ बसलो. बसायला तुझी ना नव्हती.

तू गेल्यापासून पहिल्यांदा मी एका जागी बसलो, मन्मथ्या. किती वेळ गेला काय माहीत. थंडी आधी वाजली, मग वाजायची थांबली.

"काका, चहा," पल्लवी ओट्यावरून म्हणाली.

मी उठलो आणि तिच्याकडं पाठ करून चप्पल शोधायला लागलो. मागून काहीच आवाज येईना म्हणून वळून बघितलं. ती एक हात तोंडावर दाबून उभी होती, दुसऱ्या हातात चहाचा ट्रे, कपबशा खळखळत होत्या. मग तिला ते दाबता येईना. ती मोठ्यानं हसली. आतून वहिनी बाहेर आल्या, काय झालं विचारायला, आणि माझ्या पँटकडं बघून त्याही पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

"धंद्याची खूण हाय," मी म्हणालो.

संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला निघालो. स्टँडवर पोचेपर्यंत पँट वाळून गेली होती. तेवढंच वाईट वाटलं.

तुझा,
दिल्या